रेवतीतला झीटा

२०२३ साली कोकणात दोन गणेश चतुर्थ्या झाल्या. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत २० ऑगस्टला गणपती बसले. बाकीच्या महाराष्ट्रात आणि इकडे इंदूरच्या मराठी घरांत ते १९ सप्टेंबरला आले. मधलं अंतर अख्ख्या एका महिन्याचं. श्रद्धेत फरक नव्हता, शास्त्रार्थात नव्हता, चंद्राच्या गणितातही नव्हता. फरक एका ताऱ्यामुळे पडला होता. मीन राशीतला हा तारा इतका मंद आहे की शहराच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. दीडशेहून अधिक वर्षं मराठी माणूस ज्या नावाने त्याच्यावर भांडतो आहे, त्या नावात एक ग्रीक अक्षर आहे: झीटा पिशियम, म्हणजे मीन राशीतला झीटा.

पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच वर्षाला मुलांना प्रश्न पडतो की हे अल्फा, बीटा, थीटा, लॅम्डा आले कुठून. आपल्या लिपीत अक्षरांचा काही तोटा नाही, इंग्रजीतही सव्वीस आहेत. मग ही तिसरीच लिपी कशासाठी? वर्गात याचं उत्तर सहसा मिळत नाही. ‘तशी पद्धत आहे’ म्हणून मास्तर पुढे सरकतात. या पद्धतीला इतिहास आहे, आणि त्याचा एक चांगला लांबलचक अध्याय मराठीत घडला आहे. उज्जैन, सिहोर, पुणे, बागलकोट अशी त्याची गावं आहेत.

सुरुवात मात्र जर्मनीतून करावी लागते. ऑग्सबुर्ग शहरात योहान बायर नावाचा वकील होता. १६०३ साली त्याने ‘युरेनोमेट्रिया’ नावाचा आकाशाचा नकाशासंग्रह छापला. तोवर ताऱ्यांची ओळख वर्णनाने द्यावी लागे: बैलाच्या डोळ्यातला, कन्येच्या हातातल्या कणसावरचा, माशाच्या शेपटीजवळचा. प्रत प्रतीवरून उतरवताना वर्णनं बिघडत, आणि एका ग्रंथातला तारा दुसऱ्या ग्रंथातला नेमका कोणता यावर पंडितांचे तंटे होत. बायरने प्रत्येक तारकासमूहातल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरं वाटून टाकली. साधारणपणे ठळक ताऱ्याला अल्फा, त्याच्या खालोखाल बीटा, असा क्रम. तो त्याने काटेकोर पाळलेला नाही. मीन राशीत अल्फापेक्षा ईटा अधिक ठळक आहे. पण क्रम चुकला म्हणून काम अडलं नाही, कारण अक्षराने ताऱ्याबद्दल काही सांगावं अशी अपेक्षाच नव्हती. तारा कुठला ते कळलं की पुरे. चोवीस अक्षरं संपली की तो रोमन अक्षरांकडे वळे.

ग्रीकच का, याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. त्या काळचा युरोपातला विद्वान लॅटिनमध्ये लिही आणि ग्रीक शिकलेला असे. बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमध्ये, युक्लिडही मूळ ग्रीकमध्ये. युक्लिडची ग्रीक संहिता बाझेलला १५३३ सालीच छापून झाली होती. त्यामुळे मातब्बर छापखान्यांत ग्रीक खिळे तयारच असत. नवं चिन्ह हवं म्हणून नवा खिळा पाडायचा तर खर्च येतो. ग्रीक अक्षर हवं असेल तर खिळेजुळाऱ्याने फक्त दुसऱ्या घरात हात घालायचा. शिवाय लॅटिन मजकुरात ग्रीक अक्षर कधी शब्द म्हणून वाचलं जाण्याची भीती नव्हती. मजकूर एका लिपीत, चिन्ह दुसऱ्या लिपीत, घोटाळ्याला जागा नाही.

गणितातही हीच निकड होती. व्हिएतने १५९१ साली राशींना अक्षरं द्यायची पद्धत घातली, देकार्तने १६३७ साली ती आजच्या रूपाला आणली: वर्णमालेच्या सुरुवातीची अक्षरं ज्ञात राशींना, शेवटची अज्ञातांना. मग भूमितीतले बिंदू आले, रेषा आल्या, कोन आले, आणि रोमन अक्षरं अपुरी पडू लागली. १७०६ साली विल्यम जोन्स या वेल्श गणितज्ञाने वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला पाय हे अक्षर वापरलं. ऑयलरने ते उचलल्यावर ते सगळीकडे गेलं. बेरजेसाठी मोठा सिग्मा हीसुद्धा ऑयलरचीच देणगी, १७५५ सालची.

या जोन्सचा मुलगाही विल्यम जोन्सच. कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आलेला, १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारा, संस्कृतचा मोठा अभ्यासक. त्याने भारतीय राशिचक्राच्या प्राचीनतेवर निबंध लिहिला, आणि त्याच सोसायटीच्या ग्रंथमालेत १८०७ साली कोलब्रुकने भारतीय नक्षत्रं युरोपीय नकाशात कुठे बसतात याचा तपशीलवार शोध घेतला. रेवती नक्षत्राचा योगतारा, म्हणजे त्या नक्षत्राचं स्थान ज्यावरून मोजायचं तो तारा, त्याने मीन राशीतला झीटा ठरवला. बापाने पायला गणितात आणलं आणि मुलाने उभ्या केलेल्या संस्थेतून झीटा आपल्या पंचांगात आला, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो.

अक्षरांनी काम भागवण्याची विद्या आपल्याला या मंडळींनी शिकवली असं मात्र कुणी समजू नये. ती आपल्याकडे त्यांच्या कितीतरी आधीची. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली अज्ञात राशींना रंगांची नावं दिली आहेत. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, ही पद्धत पूर्ण विकसित झालेली दिसते. पहिली अज्ञात राशी ‘यावत्तावत्’, तिचं चिन्ह ‘या’. पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. त्यांची चिन्हं ‘का’, ‘नी’, ‘पी’, ‘लो’. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’, नुसत्या संख्येला ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

भास्कराचार्यांचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. एकाजवळ ३०० रूपं आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रूपांचं ऋण आहे. दोघांची मत्ता सारखी, घोडेही सारख्याच किमतीचे, तर एका घोड्याची किंमत किती? याची मांडणी अशी होते. वरच्या ओळीत: या ६ रू ३००. खालच्या ओळीत: या १० रू १००, आणि त्या शंभरावर टिंब. बरोबरचं चिन्ह नाही. दोन ओळी एकीखाली एक आल्या की त्या समान, एवढंच. मग वरचे ६ ‘या’ खालच्या दहातून वजा करायचे, खालचं ऋण वरच्या तीनशेत मिळवायचं. उरतात ४ ‘या’ आणि ४०० ‘रू’. घोड्याची किंमत १००. आठवीतल्या मुलाने ही मांडणी एकदा पाहिली तर तो ती लगेच वाचू शकेल.

इथे ‘नी’ लिहिलं म्हणून ती राशी निळी होत नाही. राशी काय आहे हे अजून ठाऊक नाही, तरी तिच्याबद्दल बोलायचं आहे. म्हणून जिचा राशीशी काही संबंध नाही अशी खूण लावायची. बायरची अक्षरं आणि भास्कराचार्यांचे रंग एकाच जातीचे आहेत: कसलाही दावा न करणारी नावं. माझ्या मते ग्रीक अक्षरांच्या यशाचं खरं रहस्य इथे आहे. छापखान्यातले खिळे आणि शाळेतलं ग्रीक यांनी दार उघडून दिलं, पण ही अक्षरं टिकली ती त्यांच्या या रिकामेपणामुळे.

या दोन्ही परंपरा एकमेकींना जिथे भेटल्या ते गाव इंदूरहून दीडशे किलोमीटरवर आहे. भोपाळच्या रस्त्यावरचं सिहोर. १८३० च्या दशकात तिथे लॅन्सेलॉट विल्किन्सन हा कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याच्या शाळेत सिद्धांतग्रंथ शिकवले जात. मुलांना पृथ्वी गोल आहे हे भास्कराचार्यांकडून पटवायचं आणि तिथून कोपर्निकसकडे न्यायचं, अशी त्याची रीत. १८३४ साली त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर निबंधही लिहिला. त्याचे सहकारी सुबाजी बापू यांनी ‘सिद्धांत शिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुराणातलं भूगोलवर्णन, सिद्धांतांमधलं ज्योतिष आणि युरोपातलं नवं ज्योतिष यांची त्यात समोरासमोर गाठ घालून दिली आहे. माळव्यात बसून, मराठीत, १८३६ च्या सुमारास! आजही हे पुस्तक ठाऊक असलेला माणूस क्वचित भेटतो, याचं वाईट वाटतं.

१८३८ मध्ये विल्किन्सनला नागपुरात सतरा वर्षांचा एक हुशार मुलगा भेटला. गोदावरीकाठच्या टोक्याचं घराणं, जन्म १८२१ चा, लीलावती आणि बीजगणित शिकलेला. विल्किन्सनने त्याला सिहोरला आणलं. तिथे तो युक्लिड शिकला. १८४१ साली विल्किन्सन वारला आणि पुढच्याच वर्षी तो मुलगा काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक म्हणून गेला. हेच पुढचे महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री. ‘या-का-नी’ वाचणारा आणि युक्लिडही वाचणारा अशा पहिल्या काही माणसांपैकी एक.

अशी माणसं होती, तरी ‘या-का-नी’ मागे का पडलं? चिन्हं चांगली नव्हती म्हणून नव्हे. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जर्व्हिस आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत आणत होते. शाळेतलं गणित बराच काळ देवनागरी अक्षरांत चाललं. अज्ञाताला ‘क्ष’ म्हणण्याची सवय तर आजही आहे. पण १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, वरचं सगळं शिक्षण इंग्रजीतून होऊ लागलं, आणि परीक्षेला जी पुस्तकं लागली त्यांतली चिन्हं हीच चिन्हं झाली.

आता पुण्याकडे वळू. केरो लक्ष्मण छत्रे, लोकांचे केरूनाना. जन्म १८२४, नागावचा. कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी उमेदवारी केली, पुढे पुण्यात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवलं. त्या काळचं पंचांग गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० सालच्या ग्रंथावरून होई. तो ग्रंथ उत्तम, त्रिकोणमितीची किचकट गणितं टाळून सोप्या रीती देणारा. पण सव्वातीनशे वर्षांत त्यातला सूक्ष्म फरक साचत गेला होता. पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ आणि आकाशातलं ग्रहण जुळेना. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग छापल्यापासून ही चूक घरोघर जाऊन पोचू लागली होती. पूर्वी एका जोशीबुवांचं चुकलं तर ते एका गावापुरतं राही.

केरूनानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ प्रसिद्ध केली, युरोपीय कोष्टकांच्या आधाराने. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नवं पंचांग निघू लागलं. तेच पटवर्धनी पंचांग. ग्रह आता आकाशात दिसतात तिथे पंचांगातही दिसू लागले. पण एक अडचण उभी राहिली, आणि ती गणिताने सुटण्यासारखी नव्हती. युरोपीय कोष्टकं वसंतसंपातापासून मोजतात. संपात दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. आपलं निरयन पंचांग एका स्थिर बिंदूपासून मोजतं. तो बिंदू आकाशात नेमका कुठे आहे?

जुन्या ग्रंथांनी तो सांगितला आहे. रेवतीचा योगतारा या आरंभबिंदूशी जवळजवळ एकरूप आहे. ब्रह्मगुप्त त्याचा भोग, म्हणजे क्रांतिवृत्तावर आरंभबिंदूपासून मोजलेलं अंतर, शून्य देतात, सूर्यसिद्धांत ३५९ अंश ५० कला. शर म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचं अंतर शून्य. आता हा तारा आकाशात शोधायचा. मीन राशीत क्रांतिवृत्ताला जवळजवळ चिकटलेला तारा झीटाच आहे. केरूनानांनी झीटा धरला. मराठी लिखाणात ‘झीटापिशियम’ असा तो एकच शब्द होऊन बसला, आणि शास्त्री, पुराणिक, मामलेदार, मास्तर सगळ्यांच्या तोंडी झाला. ग्रीक लिपीचं एक अक्षरही न पाहिलेली माणसं झीटासाठी आणि झीटाविरुद्ध लिहू लागली.

त्या वादाचा मजकूर वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आधीची कित्येक शतकं रेवतीचा योगतारा म्हणजे आकाशातला कोणता हे कुणी ठामपणे दाखवून दिलं नव्हतं. नक्षत्रात बत्तीस तारे म्हणतात, त्यातला दक्षिणेकडचा, असं वर्णन. झीटा हे अक्षर आल्यावर दोन्ही बाजू एका जागी बोट ठेवू लागल्या. हाच योगतारा, किंवा हा योगतारा नव्हे. वाद मिटला नाही. पण तो नेमका कशाबद्दल आहे हे ठरलं, आणि तो विकलांपर्यंत मोजता येऊ लागला.

मोजल्यावर जे निघालं ते असं. सूर्यसिद्धांत चित्रेच्या ताऱ्याचा भोग बरोबर १८० अंश देतो. चित्रा म्हणजे कन्या राशीतला अल्फा, पहिल्या प्रतीचा, आकाशात सहज सापडणारा. रेवती शून्यावर असेल तर चित्रा तिच्या समोर हवी. प्रत्यक्षात झीटा आणि चित्रा यांच्यातलं अंतर १८० अंश नाही, ते १८४ च्या जवळपास आहे. म्हणजे ग्रंथातली दोन्ही वचनं एकाच आकाशात खरी करता येत नाहीत. झीटा धरला तर चित्रा चार अंश हलते, चित्रा धरली तर रेवतीचा तारा म्हणून झीटा सोडावा लागतो. संपाताच्या गतीने हे चार अंश म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं: एका पक्षाप्रमाणे संपात आणि आरंभबिंदू तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एकत्र होते, दुसऱ्याप्रमाणे सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

सूर्य रोज सुमारे एक अंश चालतो. म्हणून चार अंशांच्या फरकाने संक्रांत चार दिवस सरकते. झीटावाल्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, चित्रावाल्यांची १४ किंवा १५ तारखेला. चार दिवसांनी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते अधिकमासाने. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमधल्या चांद्रमासात चित्रापक्षाची संक्रांत आली नाही. सिंहसंक्रांत १७ ऑगस्टला, अमावास्या आदल्या दिवशी संपलेली. तो महिना अधिक श्रावण झाला. झीटाच्या गणिताने तीच संक्रांत १३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे महिना संपण्याआधी आली. तो साधाच श्रावण ठरला आणि पुढचा भाद्रपद.

केरूनाना १८८४ साली गेले. त्याच वर्षी विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तिसरीच वाट धरली. तारा हवाच कशाला, संपातापासूनच मोजा, असं म्हणत त्यांनी सायन पंचांग काढलं. ऋतूंशी महिने जुळलेच पाहिजेत, ही त्यांची तळमळ होती. यांतले दीक्षित मला सगळ्यांत जवळचे वाटतात. दापोलीजवळच्या मुरूडचा हा शाळामास्तर. १८९६ साली त्यांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ बाहेर आलं. वेदांपासून केरूनानांपर्यंतचा एकूण एक ज्योतिषग्रंथ पालथा घालून लिहिलेलं. त्यात योगताऱ्यांची चर्चा आहे: कोलब्रुकने कोणता मानला, बापूदेवांनी कोणता, केरूनानांनी कोणता, आणि स्वतः दीक्षितांचं मत काय. अठ्ठावीस नक्षत्रांच्या ताऱ्यांपुढे ग्रीक अक्षरांची नावं. ज्या अडचणीमुळे बायरने अक्षरं वाटली, तीच अडचण दीक्षितांसमोर होती आणि त्याच अक्षरांनी ती दूर केली. पुस्तक आल्यावर दोनच वर्षांत, १८९८ साली, ते वारले. वय चव्वेचाळीस.

केरूनानांचे लाडके विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक. गणितातली त्यांची गती सर्वश्रुत आहे. १८९३ साली ‘ओरायन’ लिहिताना संपाताची ही चाल हेच त्यांचं मुख्य हत्यार होतं. पंचांगाच्या वादात ते गुरूंच्या बाजूने, रैवतपक्षात म्हणजे झीटा मानणाऱ्यांत राहिले. समोर उभे राहिले बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर. ‘ज्योतिर्गणित’ या ग्रंथाचे कर्ते, नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं भाकीत करून १९११ साली ते फ्रेंच नियतकालिकात छापून आणणारे. केतकरांनी चित्रेचा पक्ष उचलून धरला. १९०४ साली मुंबईत, पुढे सांगलीत ज्योतिष्यांची संमेलनं भरली. एकमत झालं नाही. टिळकांचं नाव एका पंचांगाला मिळालं, चित्रापक्ष दुसऱ्या पंचांगांमधून घरोघर पसरला.

माळवाही यात मागे नव्हता. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उज्जैनला बांधलेली वेधशाळा पडीक झाली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत तिची दुरुस्ती झाली. त्यामागे माधव कॉलेजचे गोविंद सदाशिव आपटे होते, आणि तेच तिचे पहिले अधीक्षक. जिथलं रेखावृत्त भास्कराचार्य शून्य मानत, तिथे पुन्हा वेध घेतले जाऊ लागले.

शेवटी हा प्रश्न एका पदार्थवैज्ञानिकापुढे आला. नोव्हेंबर १९५२ मध्ये भारत सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली आणि अध्यक्ष केले मेघनाद साहा. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचं तापमान ओळखण्याचं समीकरण १९२० साली मांडणारे साहा. समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या माधव कॉलेजचे रा. वि. वैद्य अशी तीन मराठी माणसं होती. अहवाल १९५५ साली आला. नागरी कामासाठी सायन दिनदर्शिका, २२ मार्चला चैत्राचा पहिला दिवस. सणांच्या गणितासाठी २१ मार्च १९५६ चा अयनांश, म्हणजे संपात आणि आरंभबिंदू यांच्यातलं अंतर, २३ अंश १५ कला. हा आकडा चित्रेचा आहे. सरकारी पंचांगापुरता झीटा हरला. २२ मार्च १९५७ ला नवी दिनदर्शिका लागू झाली ती पाहायला साहा नव्हते. ते वर्षभर आधीच गेले होते.

पदार्थविज्ञानात ग्रीक अक्षरांचं बस्तान बसलं तेही त्यांच्या याच रिकामेपणामुळे. १८९९ साली रदरफर्डने युरेनियमच्या किरणांत दोन प्रकार वेगळे केले. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने अडणारे ते अल्फा, त्यातून आरपार जाणारे ते बीटा. ते काय आहेत हे त्याला माहीत नव्हतं, आणि नावातून त्याने तसं भासवलंही नाही. अल्फा म्हणजे हेलियमचा गाभा हे पक्कं व्हायला आणखी दहाएक वर्षं लागली. बीटा इलेक्ट्रॉन निघाले. व्हिलारला १९०० साली सापडलेल्या तिसऱ्या प्रकाराला रदरफर्डनेच १९०३ साली गॅमा म्हटलं. सुरुवातीलाच एखाद्या अंदाजावरून नावं पडली असती तर ती पुढे बदलावी लागली असती. ही तीन अक्षरं होती तशी राहिली.

या रिकामेपणाची किंमतही आहे, आणि ती इंदूरच्या राजेंद्रनगरला लागून असलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात रोज मोजली जाते. १९८४ साली पायाभरणी झालेल्या या केंद्रात ‘इंडस-२’ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं कडं आहे. परीघ सुमारे १७२ मीटर, ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या कड्याचं गणित शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे एकाच पानावर बीटा दोन अर्थांनी येतो: इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या किती पट आहे तो एक, आणि कड्याच्या कुठल्या जागी शलाका किती पसरते किंवा आवळते हे सांगणारा दुसरा. पहिला नुसती संख्या, दुसरा मीटरमध्ये. गॅमाचं तसंच. अल्फाचे तर तीन अर्थ होतात. चोवीस अक्षरांतलं ओमिक्रॉन रोमन ओसारखंच दिसतं म्हणून कुणी वापरत नाही, उप्सिलॉन व्हीशी गल्लत करतं. त्यामुळे हाताशी उरलेल्या अक्षरांवर दुप्पट-तिप्पट बोजा पडतो. खगोलातही हेच झालं. ग्रीक अक्षरं पुरेनात तेव्हा फ्लॅमस्टीडच्या तारायादीवरून आकडे आले. त्या हिशेबात आपला झीटा मीन राशीतला ८६ वा तारा.

वेगाच्या अर्थाचा बीटा इंडस-२ मध्ये एकाच्या इतका जवळ असतो की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मागे पडतो तो सेकंदाला जेमतेम सहा मीटरने. सापेक्षतेतला गॅमा तिथे ४,९०० च्या आसपास असतो. हे इलेक्ट्रॉन आलटूनपालटून उत्तर-दक्षिण लावलेल्या चुंबकांच्या रांगेतून नागमोडी गेले की क्ष-किरण निघतात. त्यांची तरंगलांबी काढण्याच्या सूत्रात डावीकडे लॅम्डा असतो आणि उजवीकडेही लॅम्डा. उजव्या लॅम्डाच्या पायाशी एक बारीक रोमन यू जोडलेला असतो, कारण तो चुंबकांच्या रांगेतलं अंतर दाखवतो. खाली भागायला गॅमाच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे पावणेपाच कोटींच्या वर. चुंबकांचं अंतर पाच सेंटिमीटर धरलं तर डावीकडचा लॅम्डा एका नॅनोमीटरच्या आसपास येतो.